जुनं टार्गेट रिव्हॉल्व्हर ओळखताना या चुका टाळा

सोलापुरात कुणाकडे आजोबांचं टार्गेट, म्हणजे नेमबाजीचं, रिव्हॉल्व्हर निघालं की मला बोलावणं येतं. बहुतेकदा ते स्मिथ अँड वेसनचं के-22 असतं: .22 बोअर, सहा इंची नळी. आणि बहुतेकदा घरच्यांनी आधीच ठरवलेलं असतं की हे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक नंबराची. सिलिंडर बाहेर काढला की योकच्या, म्हणजे सिलिंडरला धरून बाहेर वळणाऱ्या दांड्याच्या, खाचेत एक आकडा दिसतो, आणि लोक तोच उतरवून घेतात. तो कारखान्यातला जुळणीचा आकडा. खरा नंबर मुठीच्या तळाला असतो, पण टार्गेटची जाड लाकडी मूठ तो झाकून टाकते. विजापूर रोडवरच्या एका स्नेह्यांचे वडील गेले, परवाना मुलाच्या नावावर करायचा होता. तपासणीत मूठ काढली तर तळाला 'के' अक्षर आणि पुढे सहा आकडे, परवान्याच्या पुस्तकात मात्र भलताच पाच आकडी नंबर. कुणीतरी पूर्वी योकवरून उतरवला होता. मुलगा आठ महिने खेटे घालत होता आणि रिव्हॉल्व्हर जमा होतं. शेवटी मुठीच्या तळाचे, सिलिंडरच्या मागचे आणि नळीखालच्या सपाट भागाचे फोटो जोडून दिले. तिन्हीकडे एकच नंबर होता, तेव्हा कुठे सुटलं.

मी आधी सिलिंडरमधली गोळ्यांची सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटानं तपासतो. मग मूठ काढून तळ वाचतो. त्याआधी मॉडेलबद्दल एक शब्द बोलत नाही.

त्या 'के'वरूनच पुढचं कळतं. ते अक्षर युद्धानंतरचं. 1931 पासूनच्या आउटडोअर्समन या पहिल्या के-22 वर ते नाही आणि त्याच्या नळीवर उंच पट्टीही नाही. 1940 चं मास्टरपीस हे दुसरं के-22 हजाराच्या आसपासच बनलं, ते आपल्या कपाटात निघेल ही आशा सोडा. 'मॉडेल 17' या के-22 च्या नव्या नावाचा शिक्का योकजवळ 1957 पासून आला. शिक्का नाही म्हणजे युद्धाआधीचं, असं होत नाही. मधली दहा वर्षं लोक विसरतात.

नुसते स्क्रू मोजून वर्ष सांगू नका. 1955 च्या सुमारास साईडप्लेटचा, म्हणजे बाजूच्या झाकणपट्टीचा, वरचा स्क्रू गेला, 1961 च्या सुमारास चापाच्या कड्यापुढचा. पण एक स्क्रू मुठीखाली लपलेला असतो, घाईत तो राहतोच.

दुसरी गोष्ट माझ्या जिवाला लागते, ती म्हणजे पॉलिश. जुना निळा रंग फिका दिसला की तरुण मंडळी बफ मारून नवा रंग चढवतात. कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडतात. असं रंगवलेलं ओळखायला मी घोडा आणि चाप बघतो. मूळचे दोन्ही करड्या-तपकिरी ढगाळ छटेचे असतात. तेही निळे दिसले तर कुणीतरी सगळंच बुडवलंय. आपल्या मे महिन्याच्या उन्हात धातूला फारसं काही होत नाही, गंज चढतो तो चामड्याच्या म्यानात किंवा चादरीत गुंडाळून ठेवल्यानं. मी महिन्याला तेलाचं फडकं फिरवतो, बस्स.

रिकाम्या घरावर चाप ओढू नका. .22 मध्ये पिन घराच्या काठावर आपटते.

साईडप्लेट कधीही उचकटू नका. स्क्रू काढून मुठीच्या चौकटीवर लाकडी दांड्यानं हलकेच ठोका, ती आपोआप वर येते.