जिन्यातला एक दिवा, तीन मजल्यांवरून चालू-बंद
आमच्या जिन्याच्या लाईटला तळमजला, पहिला आणि दुसरा मजला अशी तीन बटणं, पण मधलं बटण एका बाजूला असलं तरच वरचं-खालचं धड चालायचं, नाहीतर कितीही दाबा, अंधारच. मेन एमसीबी (घरातली वीज तोडणारा मुख्य स्विच) पाडला, टेस्टरने खात्री केली आणि मधला बोर्ड उघडला तर तिथे साधा टू-वे, म्हणजे एक ‘कॉमन’ वायर दोनपैकी एका वायरीला जोडणारा स्विच बसवलेला. तीन टर्मिनलवाला, म्हणजे वायर जोडायच्या तीनच जागा. आता दोन वायरी खालून येणार, दोन वर जाणार, म्हणजे चार टर्मिनल नकोत का? तिथे इंटरमीडिएट स्विचच लागतो, तो एकदा दोन्ही वायरी सरळ जोडतो आणि दाबला की उलटसुलट, बस एवढंच त्याचं काम.

कोपऱ्यावरच्या दुकानात तो मिळेना, मार्केटातून आणला. कंपनीगणिक टर्मिनलची जागा वेगळी असते म्हणून मल्टीमीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजतो) ठेवून कुठलं कुठल्याला जोडतंय ते दोन्ही पोझिशनला आधी बघून घेतलं, हे सगळ्यात महत्त्वाचं. फेज (करंट असलेली वायर) खालच्या टू-वेच्या कॉमनला, वरच्या टू-वेचा कॉमन बल्बला, आणि न्यूट्रल (परतीची वायर) थेट बल्बला, स्विचमध्ये अजिबात नाही, नाहीतर बटण बंद असूनही होल्डरमध्ये २३० व्होल्ट असतात आणि बल्ब बदलताना झटका बसू शकतो.

आता तिन्हीकडून मस्त चालतंय. गच्चीपाशी चौथं बटण हवं असेल तर मध्ये अजून एक इंटरमीडिएट टाकायचा, टोकांचे टू-वे तसेच. वायरिंगची सवय नसेल तर वायरमनकडूनच करून घ्या, फक्त त्याच्या हातात मधला स्विच कुठला आहे ते बघा.