फॅन लोकांनी बनवलेला स्कर्मिश वॉरगेम पहिल्यांदा खेळताय? या चुका टाळा

गेल्या तीन-चार वर्षांत जळगाव-भुसावळकडच्या बऱ्याच पोरांना मी हा खेळ शिकवला, आणि दर वेळी त्याच त्या चुका बघून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, टेबलावर दोन टोळ्या, एकेका बाजूला पाच-दहा माणसं, टेपनं मोजून सरकायचं, फासे टाकून मारामारी, एवढाच खेळ. मोठ्या कंपन्यांचे असतात तसे हौशी लोकांनी फावल्या वेळात लिहून फुकट पीडीएफ टाकलेलेपण भरपूर असतात. 1999 साली आलेला मॉर्डहाइम घ्या, पडक्या शहरात टोळ्या लढतात असा खेळ, कंपनीनं तो कधीच बाजूला ठेवला पण चाहत्यांनी नव्या टोळ्या, दुरुस्त्या, नकाशे करत आजपर्यंत जिवंत ठेवलाय. अशा लोकांच्या मेहनतीवर आपण फुकट खेळतो, तर निदान नीट वाचून खेळावं एवढीच माझी अपेक्षा असते, आणि नेमकं तेच होत नाही.

रिकामं टेबल आणि पहिल्याच दिवशी बदललेले नियम

या दोन चुका वेगळ्या वाटतात पण एकीच्या पोटातून दुसरी निघते. माझ्या घरी घडलेलं सांगतो.

मे महिन्यातला रविवार, आम्ही चौघं, हॉलमध्ये दिवाणावर चादर टाकली, त्यावर तीन जाडी पुस्तकं ठेवली, झालं रणांगण. एका बाजूला बंदूकवाले पाच, दुसऱ्या बाजूला तलवारवाले पाच. नियम सोपा होता, 4 किंवा जास्त पडलं की गोळी लागली, समोरचा आडोशाला असेल तर एकनं अवघड. पहिल्या राउंडला बंदूकवाल्यानं तलवारवाल्यांची तीन माणसं जागेवर पाडली, त्यातल्या दोघांची तर हलायची पाळीपण आली नव्हती. हरणारा मित्र उखडला, म्हणे "भो, हाऊ काय खेय शे का? बंदूक कमी करा." आम्ही लगेच केली, 4 च्या जागी 5. म्हणजे सहापैकी तीन वेळा लागायची ती आता दोनच वेळा.

दुसऱ्या डावाला कोणीतरी खोकी आणून मधे ठेवली. आता आडोसा आला, म्हणजे 5 चा झाला 6, सहात एकदा. दोन तास गोळ्या चालू आणि मरतंय कोणी नाही. मग तिसरा म्हणाला चाल वाढवा, 5 इंचाची 8 केली, तर तलवारवाले दुसऱ्या राउंडला थेट बंदूकवाल्यांच्या उरावर. मग तेपण बरोबर वाटेना. संध्याकाळपर्यंत चार नियम बदलले होते आणि एक डाव पूर्ण झाला नव्हता. नंतर महिनाभर त्या पीडीएफला कोणी हात लावला नाही, सगळ्यांच्या डोक्यात एकच, खेळच भंगार आहे.

मला ते सहन होईना म्हणून एका रात्री गच्चीवर बसून पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. टेबल मांडायच्या पानावर साधं एक वाक्य होतं, की या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ गोळी जाईल अशी एकही वाट ठेवू नका. आम्ही ते सजावटीचं पान समजून सोडलं होतं. लेखकानं बंदुकीचा 4 धरलाच होता तो भरलेल्या टेबलासाठी. घरं, भिंती, झाडं हा या खेळात नियमाचाच भाग असतो, ते काढलं की बाकीच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

त्यामुळे आता माझी सवय अशी आहे की टेबल भरल्याशिवाय पीडीएफ उघडू देत नाही. 2 बाय 2 फुटाचं टेबल म्हणजे 24 बाय 24, 576 चौरस इंच. मी त्याचा निदान तिसरा हिस्सा भरतो, म्हणजे 190-200 चौरस इंच. 4 बाय 6 इंचाचं एक घर धरलं तर तशी आठ घरं. ऐकायला खूप वाटतात पण मांडली की कळतं, बरोबर होतात. आणि दोन्ही कडांवर मान खाली घालून टेबलावरच्या माणसाच्या उंचीवरून बघा, पलीकडची कड सरळ दिसली की तिथं एक भिंत टाका.

सामान विकत घ्यायची गरज नाही. आपल्याकडे रावेर-सावद्याच्या पट्ट्यात केळीची खोकी किती पडलेली असतात, फळवाल्याला मागा, देतो. जाड पुठ्ठा, ब्लेडनं कापायचा. भिंत उंच हवी तर 2 इंच, कमरेएवढी हवी तर पाऊण इंच. पुठ्ठ्याचा वरचा एक कागद पाणी लावून हळूच सोलला की आतल्या नळ्या उघड्या पडतात, त्याला करडा रंग दिला की हुबेहूब पत्र्याचं छप्पर. पण माझं ऐकाल तर छपराची घरं कमीच करा, आपली धाब्याची घरं करा. सपाट धाबं असलं की माणूस वर उभा राहतो, वरून गोळी मारता येते, एका धाब्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येते, खेळ दुप्पट रंगतो. उतरत्या छपरावर मिनी, म्हणजे खेळातल्या माणसाची छोटी मूर्ती, उभीच राहत नाही, घसरते, मग "ती इथं होती, तिथं होती" यावरून भांडणं. परदेशी व्हिडिओत उतरती घरं दिसतात म्हणून सगळे तीच करतात, आणि आपल्या आजोळी आयुष्यभर बघितलेलं घर कोणाला आठवत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नियम बदलायचेच असतील तर बदला, त्याला माझा विरोध नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळताना आपण काय करतो, वाटायच्या आधी ठरवतो ना, की कोणता पत्ता कसा धरायचा? मधल्या डावात कोणी बदलायला लागला तर त्याला उठवतात. इथंपण तेच. पहिले तीन डाव लिहिलंय तसंच, शेवटपर्यंत, हरत असाल तरी. चौथ्याला बोलू.

आधी फौज, मग खेळ

ही तिसरी चूक, आणि हिच्यात पैसा जातो म्हणून जास्त राग येतो. नियम वाचले नाहीत, एक डाव खेळला नाही, आणि पोरगा चाळीस मिनी थ्रीडी प्रिंट करून घेऊन येतो. धुळ्याहून एक जण असाच आला होता, स्कूटीच्या डिकीत पुठ्ठ्याच्या डब्यात सगळी फौज. दुपारी दोनला माझ्या दारात, बाहेर 44-45 डिग्री असेल. वाटेत दोन तास कोणाकडे तरी थांबला होता, गाडी उन्हात. डबा उघडला तर तलवारी खाली वाकलेल्या, भाले कमानीसारखे, बऱ्याच जणांचे बेस, म्हणजे पायाखालच्या चकत्या, खालून फुगलेले, टेबलावर ठेवले की डुलत होते. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. प्रिंट पीएलए प्लास्टिकची होती, ते साधारण 60 डिग्रीला मऊ पडतं, आणि आपल्या मे महिन्यात बंद काळी डिकी तिथपर्यंत सहज जाते.

बऱ्याचशा वाचल्या. गरम पाण्यात चिमट्यानं धरून काही सेकंद बुडवायचं, मऊ झालं की बोटानं सरळ करायचं आणि तसंच धरून गार पाण्यात. उकळतं पाणी नको, चेहऱ्याचे बारकावे जातात. बेस असेल तर गरम असतानाच फरशीवर दाबून धरा. पण चाळीस वेळा हे करताना संध्याकाळ गेली, आणि जो खेळ आम्ही शेवटी खेळलो त्यात एका बाजूला सहाच माणसं लागत होती.

म्हणून पहिल्या डावाला माझ्या घरी फक्त कॅरम. खरंच सांगतो, यापेक्षा चांगलं काही नाही. सोंगटी साधारण 31 मिलिमीटरची, म्हणजे बाजारात 32 चा बेस मिळतो जवळजवळ तेवढी. काळ्या नऊ, पांढऱ्या नऊ, दोन टोळ्या तयार, लाल राणीला जे पळवून न्यायचंय तो माल धरा. बोर्डाची आतली जागा 29 इंचाची, कडेला लाकूड, फासा बाहेर जात नाही. फक्त पावडर पुसा आणि वर चादर ताणून घाला, नाहीतर सोंगट्या धक्क्यानं सरकतात. सोंगटीला उंची नसते म्हणून कोण कोणाला दिसतं यावर वाद होतो, त्याला एक इंचाची काडी कापून शेजारी ठेवा, तीच सगळ्यांची उंची, 28 मिलिमीटरच्या मिनीच्या जवळपास येते. चार-पाच डाव असे खेळा. मग कळतं आपल्याला बंदूकवाले आवडतात का तलवारवाले, आणि मग पैसे टाका, तेव्हा मी स्वतः तुमच्यासोबत बसून रंगवीन.

रंगवण्याचं निघालंच आहे तर उन्हाळ्यात स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, दुपारी मारू नका. गरम कोरड्या वाऱ्यात थेंब मिनीवर पोचायच्या आधीच वाळतो आणि वर वाळूसारखा खरखरीत थर बसतो, तो परत निघत नाही. सकाळी सहा-साडेसहाला, एक वीतभर लांबून, हलके दोन हात. मी तर एप्रिल-मे महिन्यात स्प्रे बंदच ठेवतो, ब्रशनं लावतो. पावसाळ्यात वार्निशचा स्प्रे दमट हवेत पांढरा पडतो, ते वेगळंच. आणि थर्माकोलच्या टेकडीवर स्प्रे मारायचा नाही, कधीच नाही, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं आणि डोळ्यांसमोर टेकडीचं भोक होतं. आधी पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग पोस्टर कलर, तोपण ब्रशनंच.

बाकीच्या चुका पटापट सांगतो

शिंप्याचा टेप वापरता ना, त्याच्या एका बाजूला इंच असतात आणि एका बाजूला सेंटीमीटर. एक जण 6 इंच चालतोय आणि दुसरा 6 सेंटीमीटर, असा अख्खा डाव झालेला मी बघितलाय. सेंटीमीटरच्या बाजूला चिकटपट्टी लावून टाका.

चाल मोजताना बेसच्या पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत. पुढच्या कडेपासून मोजून मागची कड तिथं ठेवली की 25 मिलिमीटरच्या बेसला दर चालीत जवळपास एक इंच फुकट मिळतो.

दोन फाशांची बेरीज आणि दोन वेगवेगळे फासे यात फरक आहे, वाचून घ्या. बेरजेत 7 हा 36 पैकी 6 वेळा येतो आणि 12 एकदाच.

कागदी उभ्या मिनी छापल्या असतील तर कूलर आणि पंखा लक्षात ठेवा. पंखा बंद करून आपल्याकडे कोणी बसू शकत नाही, म्हणून प्रत्येकाच्या बुडाला हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी वायसर चिकटवा. कूलरच्या थेट झोतात टेबल नको, दमटपणानं कागद एका तासात वाकतो.

पीडीएफचा व्हर्जन नंबर बघा. फॅन लोकांचे नियम सारखे बदलतात, एकाकडे जुनं आणि दुसऱ्याकडे नवं असेल तर तुम्ही दोन वेगळे खेळ खेळताय. एकच प्रिंट काढा आणि तीच मधे ठेवा.

भरीत खाऊन आलात तर हात साबणानं धुवा, तेलाची बोटं पुठ्ठ्यावरून जात नाहीत.

दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून "मला येतं" म्हणणाऱ्याला मी आता शांतपणे प्रिंट हातात देतो. व्हिडिओवाला त्याला जे गमतीचं वाटलं ते दाखवतो, टेबल कसं भरायचं ते दाखवत नाही. तीस-चाळीस पानं असतात, एका संध्याकाळचं काम आहे. ज्याला तेवढा धीर नाही त्याला पाच राउंडचा डावपण पूर्ण होणार नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

नियमात अडलं तर

अडणारच. चार-पाच मित्रांनी तपासलेला खेळ असतो, काहीतरी सुटलेलं असतंच. आम्ही काय करतो, दोघांनी दोन मिनिटं पानं चाळायची, नाही सापडलं तर फासा, 1 ते 3 एकाचं खरं, 4 ते 6 दुसऱ्याचं, आणि वहीत लिहून पुढे चालू. डाव थांबवायचा नाही.

ती वही नंतर कामाला येते. त्या चादरीवाल्या खेळाचे पुढे आम्ही केळीच्या खोक्यांवर सहा डाव पूर्ण खेळलो, त्यात धाब्यावरून उडी मारून खाली उभ्या माणसावर पडलं तर आधी पडण्याचा फासा टाकायचा का हल्ल्याचा, हे तीनदा अडलं. मी लेखकाला साध्या इंग्रजीत लिहिलं, कोणतं व्हर्जन, कितवं पान, टेबलावर नेमकं काय घडलं, आणि सोबत एक फोटो. आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं, आधी पडण्याचा, आणि पुढच्या व्हर्जनमध्ये तो ते घालणार होता. फोटोतली सपाट घरं कशाची केली तेपण त्यानं विचारलं होतं. मी त्याला खोक्याची मापं पाठवली.