चिखलाच्या बाटलीत जांभळे-हिरवे जिवाणू: विनोग्रॅडस्की स्तंभ लावण्याची रीत

झाडं आणि शेवाळ पाणी फोडून इलेक्ट्रॉन मिळवतात, म्हणून ऑक्सिजन बाहेर पडतो. जांभळे आणि हिरवे गंधक-जिवाणू पाण्याला हात लावत नाहीत. ते हायड्रोजन सल्फाइडमधून, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या वायूमधून इलेक्ट्रॉन काढतात आणि मागे गंधक उरतं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्रॅडस्की यांनी १८८० च्या दशकात अशा जिवाणूंचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा चिखलाचा स्तंभ एक लिटरच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत सहज लावता येतो.

चिखल तळ्याच्या किंवा खाडीच्या काठचा, काळसर आणि वास येणारा हवा. साधारण पाऊण लिटर चिखल आणि त्याच जागेचं थोडं पाणी आणा. हातमोजे घाला. खडे, काड्या, शिंपले, किडे काढून टाका. याशिवाय वर्तमानपत्राचं अर्धं पान, सपाट चमचाभर जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) आणि सपाट चमचाभर अंड्याच्या टरफलांची पूड लागते. खाडीच्या पाण्यात सल्फेट मुळातच भरपूर असतं, त्यामुळे तिथल्या चिखलाला जिप्सम नसलं तरी चालतं. गोड्या पाण्याच्या चिखलाला मात्र ते हवंच. टरफलांऐवजी फळ्यावरचा खडू वापरायचा असेल तर आधी त्यावर लिंबू पिळून बघा. फसफसला नाही तर तो खडू जिप्समचाच आहे, टरफलांतल्या चुन्याचं (कॅल्शियम कार्बोनेटचं) काम तो करणार नाही.

कागदाचे बारीक तुकडे करून भिजवा. चिखलाचा एक तृतीयांश भाग वेगळा काढून त्यात कागद, जिप्सम आणि पूड कालवा. मिश्रण दाट साईइतकं पातळ असावं. बाटलीचा निमुळता गळा कापून टाका, हे मिश्रण तळाशी ओता आणि काठीने ढवळत, बाटली हलके आपटत हवेचे बुडबुडे बाहेर काढा. या पायरीला घाई करू नका. अडकलेली हवा म्हणजे ऑक्सिजन. हिरव्या गंधक-जिवाणूंची वाढ त्याने थांबते आणि अनेक जांभळे जिवाणू ऑक्सिजन असताना प्रकाश पकडणारं रंगद्रव्यच बनवत नाहीत. त्यावर उरलेला साधा चिखल आणि मग दोन-तीन सेंटिमीटर पाणी घाला. वर तेवढीच जागा मोकळी ठेवा. तोंडावर प्लॅस्टिकचा कागद सैल बांधा. घट्ट बांधलात तर आतल्या वायूने तो फुगेल. बाटली हवेशीर जागी ठेवा आणि तोंडाशी नाक नेऊन वास घेऊ नका, हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत तळ काळा पडू लागतो. काही जिवाणू कागदातलं सेल्युलोज कुजवून आम्लं आणि हायड्रोजन तयार करतात. दुसरे ते वापरून सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड करतात. त्यातलं काही चिखलातल्या लोहाशी जुळतं आणि काळं आयर्न सल्फाइड बनतं. उरलेलं वर झिरपतं. तीन ते आठ आठवड्यांत बाटलीच्या भिंतीला रंग दिसू लागतात: खाली, जिथे सल्फाइड जास्त तिथे हिरवे ठिपके, त्यावर जांभळट-लाल आणि वरच्या भागात कधी विटकरी छटा. पुस्तकातल्या चित्रासारखे सरळ पट्टे क्वचितच पडतात, डाग-ठिपके दिसले तरी स्तंभ उत्तम चालला आहे असं समजा.

त्या जांभळ्या ठिपक्यात काय चाललंय? प्रकाश पकडणारी रंगद्रव्यं ८०० ते ८८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा (अवरक्त) प्रकाश शोषतात आणि ती ऊर्जा अभिक्रिया केंद्र नावाच्या प्रथिनातल्या बॅक्टेरिओक्लोरोफिलच्या (जिवाणूंमधल्या हरितद्रव्याच्या) जोडीकडे पोचवतात. या केंद्राची रचना उलगडल्याबद्दल डायझेनहोफर, हुबर आणि मिशेल या शास्त्रज्ञांना १९८८ चं नोबेल मिळालं. जोडीतला एक इलेक्ट्रॉन सुमारे ३ पिकोसेकंदांत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) शेजारच्या बॅक्टेरिओफिओफायटिन या रंगद्रव्यावर आणि तिथून सुमारे २०० पिकोसेकंदांत क्विनोन या इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूवर जातो. इतक्या लवकर दूर गेल्यामुळे तो मागे पडून ऊर्जा उष्णतेत वाया जात नाही. क्विनोन इलेक्ट्रॉनांसोबत प्रोटॉन उचलतं, सायटोक्रोम बीसी१ या प्रथिन-संकुलाकडे नेतं, प्रोटॉन पेशीतल्या पटलापलीकडे सुटतात आणि इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सी२ या छोट्या प्रथिनावरून पुन्हा जोडीकडे येतो. पटलाच्या दोन बाजूंना प्रोटॉनांची तफावत तयार होते. ते प्रोटॉन एटीपी सिंथेज या प्रथिनातून परत येताना एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनतो. प्रकाशाची रासायनिक ऊर्जा झाली ती इथे.

इलेक्ट्रॉन फिरून जागेवर येतो, मग सल्फाइड कशाला? एटीपीसाठी ते लागतच नाही. ते लागतं कार्बन डायऑक्साइडपासून साखर बांधायला, कारण त्यात गेलेले इलेक्ट्रॉन परत येत नाहीत. शिवाय जांभळ्या जिवाणूंच्या क्विनोनमधले इलेक्ट्रॉन त्या कामाला पुरेसे जोरदार नसतात. प्रोटॉनांची तफावत खर्चून त्यांना उलटं चढवावं लागतं. हिरव्या गंधक-जिवाणूंचं केंद्र वेगळं आहे, ते इलेक्ट्रॉन थेट फेरेडॉक्सिनला, म्हणजे साखर बांधायला पुरेसे जोरदार इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या प्रथिनाला, देतं.

जांभळे जिवाणू मुख्यतः डोळ्यांना न दिसणारा प्रकाश वापरतात, म्हणूनच दिवा निवडताना चूक होते. पांढऱ्या एलईडीत ८०० नॅनोमीटरच्या पुढे जवळपास काहीच नसतं. जांभळे जिवाणू मग फक्त कॅरोटिनॉइडांनी (पिवळ्या-लाल रंगद्रव्यांनी) पकडलेल्या निळ्या-हिरव्या प्रकाशावर कसेबसे वाढतात. जुन्या पद्धतीचा ४० वॅटचा तारेचा बल्ब हाताच्या अंतरावर लावा, किंवा उत्तरेकडच्या खिडकीत ठेवा. थेट ऊन नको, बाटली तापते. २० ते ३० अंश ठीक.

पूर्ण बाटली शेवाळासारखी हिरवी झाली तर कागद कमी पडला किंवा हवा अडकली आहे. चिखलाचे थर उचलले जाऊन भेगा पडल्या तर कागद जास्त झाला. दोन महिन्यांनंतरही सगळं काळंच असेल तर चिखलात लोह फार आहे आणि तेच सल्फाइड अडवून ठेवतंय. दुसऱ्या जागेचा चिखल घेऊन नव्याने लावा. पाणी आटलं तर त्याच जागेचं किंवा क्लोरीन नसलेलं पाणी घाला.



स्तंभ रंगला की एक चाचणी जरूर करा. नवी बाटली लावताना तिच्याभोवती लाल आणि निळा जिलेटिन कागद एकावर एक गुंडाळा आणि तारेच्या बल्बसमोर ठेवा. दोन्ही मिळून दृश्य प्रकाश बहुतेक अडवतात, अवरक्त मात्र जाऊ देतात. दोन महिन्यांनी कागद काढल्यावर शेवाळ नसेल आणि जांभळे डाग असतील, तर ते डाग डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर वाढले आहेत.