बिल आणि नुकसानीचे वाद: टाइल्स बसवणाऱ्याने हाताशी काय ठेवावं

टाइल्सच्या कामात भांडण दिसतं शेवटच्या हप्त्याच्या दिवशी, पण त्याची सुरुवात बहुतेक वेळा पहिल्या भेटीतच झालेली असते. आपण दर सांगतो, त्या दरात काय धरलंय ते सांगायचं राहून जातं. कुणा ठेकेदाराच्या हाताखाली नसलेल्या, स्वतःच्या नावावर काम घेणाऱ्या मिस्त्रीने म्हणून तयारी तिथूनच धरावी.

आधी दराचा कागद. नुसता चौरस फुटाचा आकडा लिहून भागत नाही. जुनी फरशी काढणं, राडारोडा उचलणं, तळ लेव्हलला आणणं, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावलेली टाइलची पट्टी), पायरीची धार, पंचेचाळीसचे कोपरे (पंचेचाळीस अंशांत कडा कापून जुळवलेले), नळांची भोकं, ग्राउट (टाइल्समधल्या फटीत भरायचा मसाला) भरणं, शेवटची सफाई, यातलं दरात काय आणि वेगळं काय, ते ओळीओळीने लिहावं. स्कर्टिंग आणि धार रनिंग फुटावर, भोकं नगावर. चिकटवायचा माल, स्पेसर (फट सारखी ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे), ग्राउट कुणी आणायचं तेही लिहावं. ‘दरात नाही’ ही यादी ‘दरात आहे’ या यादीपेक्षा जास्त कामाला येते, कारण वाद तिच्यावरूनच होतो.

मापाची पद्धत कागदावर आलीच पाहिजे, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. आपण जिला दोन बाय दोन म्हणतो ती टाइल बहुतेक वेळा 600 मिलिमीटरची असते, आणि दोन फूट म्हणजे जवळपास 610. टाइल्स मोजून प्रत्येकीचे चार चौरस फूट लावले तर शंभर टाइल्सचे 400 होतात, प्रत्यक्षात भरतात साधारण 387. गिऱ्हाईक डब्यावरचा आकडा वाचतं (चार टाइल्सच्या डब्यावर 1.44 चौरस मीटर लिहिलेलं असतं, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट) आणि मग पुढची प्रत्येक गोष्ट संशयाने बघतं. म्हणून मजुरी भिंत ते भिंत, टेप धरून, गिऱ्हाइकासमोर मोजलेल्या क्षेत्रावर लावावी. दार-खिडकी वजा करायची की नाही, केली तर किती मोठी, हे आधी ठरवावं. सरळ मांडणीत 10 टक्के आणि तिरक्या मांडणीत 15 टक्के माल जास्त मागवायची रीत आहे. तो जास्तीचा माल गिऱ्हाइकाचा, त्यावर मजुरी नाही, हे स्पष्ट बोलून घ्यावं. उरलेला डबाही त्यांचाच. तो घरात जपून ठेवायला सांगावा, पुढे त्याच शेडची टाइल मिळेलच असं नाही.

घरात सूचना चार जण देतात आणि पैसे एक जण देतो. होकार कुणाचा धरायचा, ते एकच नाव पहिल्या दिवशी ठरवून घ्यावं. ‘हातासरशी तेवढी बाल्कनीही करून टाका’ असं कुणी म्हटलं की होकारासाठी ठरलेल्या माणसाला मेसेज टाकावा: काय काम, किती वाढीव पैसे, किती दिवस जास्त. ‘हो’ आल्याशिवाय बाल्कनीत पाऊल टाकू नये. काहींना हे तुसडेपणाचं वाटतं. वाटू द्यावं. हप्ते तारखेवर न बांधता टप्प्यांवर बांधावेत, आणि शेवटचा हप्ता लहान ठेवावा, अडला तरी आपलं कंबरडं मोडू नये इतका.

नुकसानीची तयारी काम सुरू व्हायच्या आधी, फोटोने. मुख्य दारापासून कामाच्या खोलीपर्यंतचा सगळा रस्ता, चौकटी, बेसिन, काचा, भिंतीतले जुने तडे. ओरखडा असेल तर शेजारी टेप धरून जवळून फोटो. गिऱ्हाइकाला सोबत घेऊन फिरावं आणि ते फोटो त्याच दिवशी त्यांना पाठवावेत. नुसते आपल्या फोनमध्ये राहिले तर नंतर त्यांचं वजन कमी पडतं. भिंतीतून पाण्याची नि विजेची लाइन कुठून गेली आहे ते विचारावं. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ हे उत्तरसुद्धा लिहून घ्यावं आणि भोक पाडण्याआधी पाण्याचा मुख्य व्हॉल्व बंद होतो का ते फिरवून बघावं.

माल उतरला की डब्यावरचा शेड आणि बॅच यांचा फोटो घ्यावा आणि चार-पाच डब्यांतल्या टाइल्स मिसळून उजेडात मांडून बघाव्यात. बसलेल्या टाइलची तक्रार कंपन्या सहसा घेत नाहीत, मग राग मिस्त्रीवर निघतो. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धराव्या, बाक लगेच दिसतो. लांब टाइल्सच्या एका ओळीतला सांधा शेजारच्या ओळीतल्या टाइलच्या बरोबर मध्यावर हवा असा आग्रह बरेच जण धरतात. पण बाक असेल तर एकीचा फुगीर मध्य दुसरीच्या खालच्या टोकाशेजारी येतो आणि धार पायाला लागते. सांधा एक तृतीयांशावर घेऊ म्हणावं. तरी मध्यच हवा असेल, तर तसा मेसेज त्यांच्याकडून यावा. तळाचंही तसंच. मोठ्या टाइल्सना 3 मीटरच्या पट्टीखाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. पट्टी आणि फट एका फोटोत आली की लेव्हलिंगचे वेगळे पैसे का, हे समजावत बसावं लागत नाही.

काम चालू असताना अधूनमधून बसवलेली टाइल उचलून मागची बाजू बघतोच आपण. तिचा फोटो ठेवायची सवय लावावी. अमेरिकी मानकात कोरड्या खोलीत 80 टक्के आणि ओल्या जागी 95 टक्के मागची बाजू चिकटवायच्या मालाने धरलेली असावी असं आहे. पुढे कुणी नाण्याने ठोकून ‘पोकळ वाजतंय’ म्हणालं, तर तोंडी खात्रीपेक्षा असा फोटो बरा. मोरीत टाइल्स लावण्याआधी पाणी तुंबवून 24 तास ठेवावं, आणि ढाळ गिऱ्हाइकासमोर बादली ओतून दाखवावा.

काम ताब्यात देताना निकष आधीच ठरलेला असावा: दिवसाच्या उजेडात, उभं राहून बघायचं. भिंतीला चिकटून टॉर्च मारली तर उत्तम कामातही सावल्या दिसतात.

आता प्रत्यक्ष तक्रार आली तर. फोनवर निकाल देऊ नये, दारात उभं राहून तर नाहीच. टेप, पट्टी, लाकडी ठोकणी आणि सगळे कागद घेऊन जावं. आधी ऐकावं, मुद्दे आकडे घालून लिहावेत, वाचून दाखवावेत. मग बिलाचे मुद्दे एकीकडे आणि नुकसानीचे दुसरीकडे करावेत, कारण गिऱ्हाईक एका फुटलेल्या टाइलसाठी सगळं बिल अडवतं आणि आपण बिलाच्या रागात टाइल बघतच नाही. ज्या रकमेवर वाद नाही ती लगेच मागावी. मापाचा वाद असेल तर पुन्हा मिळून मोजावं.

तडा कसा गेलाय ते नीट बघावं. चार-पाच टाइल्समधून सरळ गेलेला तडा बहुधा तळातून आलेला असतो. एकाच टाइलवर कपचा उडून चांदणीसारखी चीर असेल तर वरून काहीतरी पडलेलं असतं. कोपरा तुटलाय आणि खाली पोकळ वाजतोय, तर दोष आपला असण्याची शक्यता जास्त, आणि ते मान्य करून टाइल बदलून द्यावी, रोख देण्याआधी दुरुस्ती पुढे करावी. ग्राउट पांढरं पडलं असेल तर सफाई कशाने केली ते विचारावं, अॅसिडने सिमेंटचं ग्राउट खराब होतं. मोठं नुकसान असेल, पाइप फुटून खालच्या घरात पाणी गेलं असेल, तर लेखी कबुली देण्याआधी विमा कंपनीला कळवावं. अशा पॉलिसीत तशी अट असते. शिवाय पॉलिसी सहसा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान भरते, आपलंच खराब काम पुन्हा करायचा खर्च भरत नाही, हे पॉलिसी घेतानाच वाचलेलं असावं.

पैसे अडले म्हणून बसवलेल्या टाइल्स उखडायची धमकी कधीही देऊ नये, तिथे आपली बाजू कितीही खरी असली तरी संपते. जमेना तर दोघांना चालेल असा तिसरा मिस्त्री बघायला बोलवावा, त्याची मजुरी अर्धी-अर्धी. त्याच्याही पुढे गेलं तर तारखेनुसार लावलेले मेसेज, फोटो आणि मापाची वही घेऊन कायद्याची वाट धरावी.

मिटलं तर काय दुरुस्त करायचं, किती दिवसांत, किती रक्कम सोडली आणि यानंतर कुणाचं काही येणं नाही, हे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. टाइल बदलायची असेल तर त्याच कागदावर नव्या ग्राउटचा रंग जुन्याशी तंतोतंत जुळणार नाही ही ओळ टाकावी. शेजारच्या टाइल्सच्या कडांना टेप लावून, आधी चारही बाजूंचं ग्राउट कापून मगच छिन्नी लावावी, नाहीतर एकीच्या जागी दोन बदलाव्या लागतात.