घरात कोण किती राबतं, ते आठवडाभर मोजायचं कसं

घरकामावरून वाजलं की ती म्हणते सगळं मीच करते, तो म्हणतो मी पण करतोच की, आणि गंमत म्हणजे दोघंही खोटं बोलत नसतात, मोजलेलंच नसतं कुणी. तर आधी मोजा, भांडण नंतर.

आणि हे फक्त तुमच्या घरचं रडगाणं नाहीये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०१८ मध्ये हिशोब मांडला तेव्हा जगातल्या बिनपगारी घरकामाचा आणि देखभालीचा ७६ टक्के वेळ बायकांचा निघाला, पुरुषांच्या तिपटीहून जास्त.

एक वही घ्या किंवा फोनवर शीट करा, दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ रकाने पाडा. प्रत्येकाचं पान वेगळं, कळत्या मुलांचं पण. ज्याचं त्यानं लिहायचं आणि रोजच्या रोज लिहायचं, रविवारी बसून आठवडा आठवायला गेलात तर भांडी आणि कपडे तेवढे आठवतात, बाकीचं गायब. सुट्टीचा दिवस धरून पूर्ण सात दिवस करा, सुट्टीतच खरा फरक दिसतो.

प्रत्येक रकान्यात दोन गोष्टी: मुख्य काय चाललंय आणि सोबत काय चाललंय. हे 'सोबत' अजिबात सोडू नका. "टीव्ही बघितला" असं लिहिलंय पण हातात कपड्यांच्या घड्या आणि कान मुलाच्या पाठांतराकडे, तर तो आराम नाही झाला ना.

आता तिसरा कॉलम, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: हे काम आठवलं कुणाला? आमच्याकडे पहिल्या आठवड्यात नवऱ्याच्या पानावर होतं, "औषधं आणली, २० मिनिटं". माझ्या पानावर त्याच औषधांच्या पाच नोंदी होत्या, संपत आलीयेत हे बघितलं, चिठ्ठी शोधली, फोटो काढून त्याला पाठवला, दुपारी परत आठवण केली, आणल्यावर डब्यात लावली. टोटल मारली तर माझी जेमतेम दहा मिनिटं! म्हणजे मिनिटांवर तोच जिंकला. म्हणून म्हणते तिसरा कॉलम ठेवाच.

मुलांची पानं शेजारी शेजारी ठेवून बघा, जरा धक्का बसेल. युनिसेफच्या २०१६ च्या आकड्यांनुसार ५ ते १४ वयाच्या मुली त्याच वयाच्या मुलांपेक्षा ४० टक्के जास्त वेळ घरकामात घालवतात. आपण मुद्दाम करत नाही हो, हाक मारताना तोंडात तिचंच नाव येतं.

वाटणी करताना 'मदत' हा शब्द काढून टाका. सांगितल्यावर केलं तर काम अजून सांगणाऱ्याचंच आहे. अख्खं काम द्या, आठवण्यापासून शेवटपर्यंत, आणि एकदा दिलं की मागून जाऊन नीट करायचं नाही, हे मला सगळ्यात जड गेलं. "कुठे ठेवलंय?" विचारलं की उठायचं नाही. पहिला महिना गोंधळ होणार हे धरूनच चाला.

घरचे अगदीच मनावर घेत नसतील तर त्यांना आइसलँडची गोष्ट सांगा. २४ ऑक्टोबर १९७५ ला तिथल्या जवळजवळ ९० टक्के बायकांनी एक दिवस नोकरी आणि घरकाम दोन्ही बंद ठेवलं, बापलोक पोरांना घेऊन ऑफिसात गेले, आणि पुढच्याच वर्षी तिथं समानतेचा कायदा आला. तुम्ही लगेच संप करा असं नाही म्हणत, पण एक रविवार करून बघायला हरकत नाही 😄

तीन महिन्यांनी परत एक आठवडा मोजा, जुनी पानं जपून ठेवा म्हणजे शेजारी ठेवता येतील. आमच्याकडे औषधं आता पूर्ण त्याच्या पानावर गेलीत. मधे दोनदा संपली, मी गप्प बसले, तिसऱ्यांदा त्यानंच फोनवर रिमाइंडर लावला.