भरतीची वेळ आधी, सामान नंतर: भोगवे-निवतीच्या पुळणीवर जाताना

कोल्हापुरातून कोकणात उतरून जिथे गाडी पोचत नाही अशा पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, जायचं असेल, तर बॅग भरायला घेण्याआधी भरती-ओहोटीची वेळ काढा. मागच्या खेपेला आमच्याकडे सगळं होतं, तेवढी वेळ सोडून. सिंधुदुर्गातल्या भोगवे-निवतीच्या पट्ट्यात टेकडीच्या पायथ्याच्या खडकांवरून वळसा घालून एका छोट्या पुळणीवर गेलो. जाताना खडक कोरडे होते. परत निघालो तेव्हा त्याच खडकांवर छातीएवढं पाणी आपटत होतं. शेवटी पोरांना मध्ये घेऊन, करवंदीच्या जाळ्यांतून, अंधारात टेकडी चढून वर यावं लागलं. तुमच्यावर ती पाळी येऊ नये म्हणून लिहितोय.

तारीख ठरवताना आपण रविवार बघतो, सुट्टी बघतो. तिथी बघा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ती असतेच. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमाराला. दिवसाची आणि रात्रीची, दोन्ही भरत्या याच हिशेबाने. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासापेक्षा थोडं जास्त पुढे सरकतं. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नक्की वेळ मोबाईलवर बघा, पण बंदर मालवण किंवा गोव्याचं मुरगाव निवडा. मुंबईची वेळ इथे लावू नका, तासाभराच्या आसपास फरक पडतो, आणि खडकावर एका तासात काय होतं ते पुढे सांगतोच.

आता हे गणित घरातून पहाटे निघणाऱ्याला लावून बघा. पौर्णिमेचं चांदणं बघायचं म्हणून बरेच जण तीच तारीख धरतात. पाच वाजता निघालात, साडेनऊला पोचलात, तर पाणी चढत असतं आणि वाट बंद. ती उघडणार दुपारी चारनंतर, म्हणजे परतणं अंधारातच. शिवाय ते उधाणाचे दिवस, पाणी सगळ्यात जास्त चढतं ते तेव्हाच. त्यापेक्षा षष्ठी ते दशमी बरी. ओहोटी साडेदहा ते दीडच्या मध्ये येते, म्हणजे आपल्या पोचण्याच्या वेळेला. मात्र अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. त्यामुळे काही खडकांची वाट त्या दिवशी उघडतच नाही. हे गावातल्या माणसालाच विचारायचं, मोबाईलला ते कळत नाही.

पाणी फसवतं ते का, हे एकदा नीट समजून घ्या. ओहोटी संपून पाणी उलटलं की पहिल्या तासात ते जेमतेम बाराव्या हिश्शाएवढं चढतं. बसलेल्या माणसाला वाटतं, समुद्र आहे तिथेच आहे. दुसऱ्या तासात दोन हिस्से. तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, म्हणजे या दोन तासांत एकूण चढाच्या निम्मं पाणी आत येतं. मालवणकडे उधाणाला दोन मीटरच्या आसपास चढ असतो. त्याचं निम्मं म्हणजे घोट्याचं पाणी कमरेच्या वर, आणि त्यावर लाट वेगळी. म्हणून नियम एकच. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी खडक ओलांडायचे आणि ओहोटीनंतर दीड तासाच्या आत परत अलीकडे यायचं. घड्याळात गजर लावा. दोघांच्या मोबाईलवर लावा. जेवण अर्धं राहिलं तरी उठा.

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपल्या घराघरात पाठ असते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, शाळेतलं पोरही सांगतं. तीच माणसं समुद्रावर जाताना पाण्याची वेळ विचारत नाहीत, हे मला खरंच सहन होत नाही. नदी दिवसभरात काही फूट चढते तर आपण रात्र जागून काढतो. समुद्र रोज दोनदा चढतो.

मे अखेरपासून ऑगस्टपर्यंत हा बेतच नको, प्रवासी होड्या बंद असतात आणि समुद्र खवळलेला असतो. बाकीच्या महिन्यांतही निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा आणि इनकॉइसचा (समुद्राचे अंदाज देणारी केंद्र सरकारची संस्था) उंच लाटांचा इशारा बघा. आभाळ निरभ्र असताना दूरच्या वादळाच्या लाटा इथे येऊन आदळतात.

रस्ता तुम्हाला ठाऊक आहेच. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट, नाहीतर गगनबावड्यावरून करूळ, नाहीतर आजरा-आंबोली. घाट चालू आहे ना, एवढं आदल्या दिवशी विचारा. कुडाळहून पाट, परुळे करत खाली. पेट्रोल कुडाळलाच भरा.

सामानात पाणी माणशी तीन लिटर. कमी नको, पुळणीवर गोडं पाणी नसतं आणि सावलीही फारशी नसते. टोपी, टॉवेल वगैरे सांगत बसत नाही. भडंग, धपाटे, शेंगदाण्याची चटणी चालेल, दह्याचं काही नको. बॅटरी घ्याच, मोबाईलची नव्हे, वेगळी. पायांत मागून पट्टा असलेलं रबरी सँडल किंवा जुने बूट. कोल्हापुरी चप्पल गाडीत ठेवा. खाऱ्या पाण्याने कातडं कडक होऊन तडकतं आणि शेवाळावर ती क्षणभरही टिकत नाही. अनवाणी तर अजिबात नको. खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार. हात टेकलात तरी कापतं, म्हणून जंतुनाशक मलम आणि पट्ट्या हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नकोत.

होडीने जायचं असेल तर देवबागहून कर्लीची खाडी ओलांडून भोगव्याला उतरता येतं. सकाळी निघा. सकाळी मतलई वारे असतात, पाणी शांत असतं. दुपारी खारे वारे सुटले की खाडीच्या मुखाशी लाट उभी राहते, आणि ओहोटीला तिथल्या वाळूच्या पट्टीवर पाणी उथळ होऊन ती लाट फुटते. म्हणजे होडीतही पुन्हा तेच, वेळ! पायी जाणाऱ्याला ओहोटी लागते, होडीवाल्याला पट्टीवर पुरेसं पाणी लागतं. नाव हाकणाऱ्या काकांना पहिला प्रश्न पैशाचा विचारू नका. ‘काका, परत किती वाजता निघायला हवं?’ हे विचारा. ते सांगतील ती वेळ शेवटची, त्यात ‘अजून अर्धा तास’ करू नका. निम्मे पैसे जाताना, निम्मे परत आल्यावर. ते न्यायला कुठे येणार ती जागा बोट दाखवून ठरवा, कारण पुढे रेंज मिळेलच असं नाही. लाइफ जॅकेट अंगात घाला आणि पट्टे ओढून बांधा. लहान मुलाच्या मापाचं नसेल तर दुसरी होडी बघा, इथे भिडस्तपणा नको. उतरताना गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, मोबाईल आणि गाडीची किल्ली घट्ट झाकणाच्या डब्यात.

देवबागजवळच्या त्सुनामी बेटावर, म्हणजे खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावरही हेच. ओहोटीला वाळू वर येते, भरतीला बुडते. तिथे सामान मांडून लांब फिरायला जाऊ नका.

चालत जाणार असाल तर गावात कुणाला तरी सांगून जा, किती जण, कुठे, किती वाजता परत. जाताना दर थोड्या अंतराने मागे वळून वाट बघा, कारण येताना ती वेगळी दिसते. वळशाच्या खडकावर पोचलात की थांबा आणि कातळावरची रेघ बघा. खाली काळपट-हिरवं, शेवाळाचं, ओलसर. वर कोरडा, भुरकट जांभा. ती रेघ म्हणजे भरतीचं पाणी. ती तुमच्या गुडघ्याच्या वर असेल तर ही वाट भरतीत नाही, हे तिथेच सगळ्यांना मोठ्याने सांगा. टेकडीवरून वर जायची पायवाट कुठे आहे तेही उजेडातच बघून ठेवा. आम्ही ते केलं नव्हतं.

पाण्यात गुडघ्यापुढे नको, निर्मनुष्य पुळणीवर वाचवायला कुणी नसतं. ओढ लागलीच तर तिच्याविरुद्ध हात मारू नका, किनाऱ्याला समांतर सरका. उथळ वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, दबून बसलेला असतो, म्हणून पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. थंडी ते उन्हाळ्याची सुरुवात हा कासवांचा हंगाम, शेकोटी आणि मोठे दिवे नकोत.

गजर वाजला की उठा. खरंच उठा.

कचरा परत. माणसं मोजा. काकांचे उरलेले पैसे, गावात पोचल्याची खबर, ओले कपडे वेगळ्या पिशवीत. गाडी चालवणाऱ्याने तासभर झोप घेतल्याशिवाय घाटाला लागू नये. दाजीपूरच्या पट्ट्यात अंधार पडल्यावर गवे रस्त्यावर येतात, तिथे वेग कमी, आणि गवा दिसला की हॉर्न न वाजवता थांबायचं.