अंगणात जुनं सामान विकताना

जुनं सामान भंगारात किलोवर दिलं की कवडीमोल जातं. तेच अंगणात मांडून विकलं तर बरे पैसे सुटतात.

१. पगार झाल्यावरचा पहिला रविवार धरा. जळगाव-भुसावळकडे मार्चनंतर वेळ सकाळी ७ ते १०. पुढे उन्हात कोणी थांबत नाही.

२. आदल्या रात्रीच प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी चिकटवा. भाव दिसला नाही की लोक विचारायला संकोचतात आणि निघून जातात. १० आणि २० च्या सुट्या नोटा जवळ ठेवा.

३. कूलर फेब्रुवारी-मार्चमध्येच काढा, पावसाळ्यात त्याला कोणी हात लावत नाही. गवत नवं भरा, टाकीत पाणी ओता आणि चालूच ठेवा. तिन्ही जाळ्या वरपासून खालपर्यंत सारख्या भिजताना दिसल्या की गिऱ्हाईक फार घासाघीस करत नाही. एखादा पट्टा कोरडा राहिला तर वरच्या पन्हाळीची भोकं क्षाराने बुजलेली असतात. खिळ्याने मोकळी करा. लोखंडी कूलरला अर्थिंगचा तीन पिनांचा प्लगच हवा.

४. कपडे शेवटच्या तासाला ढीग लावून एकाच भावात काढा.

गॅस सिलिंडर मात्र विकायला ठेवू नका. तो कंपनीचा असतो. एजन्सीत जमा करून अनामत परत घ्या.